ऑफिसातली कॉफी: आधी पाणी, मग पावडर, भांडं शेवटी

आमचं ऑफिस लातूरला, कर सल्लागाराचं. माणसं चौदा. जुलैत रिटर्न आणि सप्टेंबरात ऑडिट असलं की रात्री दहालासुद्धा पॅन्ट्रीत भगुनं चढलेलं असतं. चहा पॅन्ट्री सांभाळणाऱ्या मामांच्या हातचा, त्याबद्दल कुणाची कधी तक्रार नाही. कॉफी मात्र वर्षानुवर्षं एकाच रीतीची. सकाळी दूध-साखर एकत्र उकळायची, त्यात इन्स्टंटच्या पुड्या फोडायच्या, थर्मास भरायचा आणि तोच चार वाजेपर्यंत पुरवायचा. दुपारच्या कपाला कॉफीचा वासही राहत नसे.

गेली तीन वर्षं मी या कॉफीच्या मागे लागले आहे. फिल्टर, फ्रेंच प्रेस (जाळीच्या दांड्यानं चोथा खाली दाबायचं भांडं), कागदी गाळणी, मोका (गॅसवर वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं भांडं), सगळं आमच्याच पॅन्ट्रीत, आमच्याच पाण्यावर, मामांच्या हातून करून पाहिलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. नुसती पद्धत बघून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. पाणी कुठलं येतं, करणारे हात कुणाचे, दुधाची पिणारे किती आणि लाइट किती वेळ टिकते, हे चार प्रश्न आधी सोडवा. मग भांडं विकत घ्या. पूर्वी मी होते त्या एका ऑफिसात उलटं झालं होतं. महागडं एस्प्रेसो मशीन आधी आलं, त्यात बोअरचं पाणी गेलं आणि आठ महिन्यांत आतल्या नळ्या क्षारांनी बंद पडल्या. ते मशीन मग कपाटावर गेलं आणि सगळे पुन्हा पुड्यांवर आले.

आठवडाभर फक्त मोजा

पॅन्ट्रीत एक वही ठेवा. कोण कॉफी घेतं, दुधाची की काळी, साखर किती, किती वाजता, एवढंच लिहायचं. आमच्याकडे नऊ जण कॉफीचे निघाले: सात दुधाचे, दोन काळीचे. दोघांना मधुमेह, म्हणजे भगुन्यातच साखर घालणं पहिल्या दिवसापासून बंद. वेळा दोनच, सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेतीन. एवढ्या माहितीवर अर्धा निर्णय होतो. सात जणांना एकाच वेळी दुधाची कॉफी द्यायची असेल तर एकेक कप करणारी कुठलीही पद्धत मामांना अर्धा तास उभं करील. ती पंधरा दिवसांत बंद पडणार हे आताच धरून चाला.

पाणी

इथं मी जरा थांबते, कारण मराठवाड्यात कॉफी इथंच बिघडते आणि दोष पावडरीला जातो.

काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यातून येणारं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते ती त्याचीच. अशा जड पाण्यातला बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना मारतो. कॉफीला जी चमक असते, फळासारखी किंचित आंबूस, ती जाते आणि उरते खडूसारखी सपाट चव. मग माणूस पावडर वाढवतो, कडूपणा वाढतो, साखर वाढते.

दुसऱ्या टोकाला जारचं पाणी. आरओमधून आलेल्या पाण्यात विरघळलेले क्षार कधीकधी २०-३० मिलिग्रॅमच उरतात. इतक्या रिकाम्या पाण्यात कॉफी पातळ लागते आणि आंबटपणा टोचतो. पावडरीतला स्वाद ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतातच.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विरघळलेले क्षार ठीक मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. कॉफीवाल्यांचं माप याहून बरंच खाली आहे: साधारण १५० आणि ७५ ते २५० च्या मध्ये कुठंही चालतं. हे विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो आधी घ्या. नळाचं पाणी, जारचं पाणी, दोन्हीत बुडवून आकडे वहीत लिहा.

समजा जार ३० दाखवतो आणि नळ ४००. तीन भाग जारचं, एक भाग नळाचं मिसळलं की आकडा १२२ च्या आसपास येतो. आमच्या पॅन्ट्रीत वीस लिटरच्या पिंपात हेच प्रमाण चालतं, पंधरा लिटर जार आणि पाच लिटर नळ. मामा ते आता डोळ्यांनी ओतत नाहीत, पिंपावर खूण केली आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. मिसळायला पालिकेचं पिण्याचं पाणीच घ्या, न तपासलेल्या बोअरचं नको. बोअरमधला नायट्रेट किंवा फ्लोराइड उकळून जात नाही आणि हा मीटर त्यातलं काहीच वेगळं करून दाखवत नाही. त्याला फक्त एकूण क्षार कळतात.

किटलीत खपली बसली असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घालून उकळा, वीस मिनिटं ठेवा, ओता आणि दोनदा साध्या पाण्यानं उकळून फेका. आमच्याकडे हे महिन्यातून एकदा होतं.

आणखी एक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं. तो उन्हाळा ज्यांनी घागरी लावून काढला त्यांना भांडं विसळायला किती पाणी जातं हे दिसल्याशिवाय राहत नाही. पद्धत निवडताना मी हेही मोजते. कपाकपाला स्वतःला धुऊन घेणारं मशीन आणि एकदा विसळून पालथं ठेवायचा स्टीलचा फिल्टर, यात आमच्या गावानं दुसरा निवडावा असं मला मनापासून वाटतं.

पावडर

दुधाच्या कॉफीला आणि काळ्या कॉफीला एकच पावडर आणू नका. अरेबिका सुगंधी आणि हलकी, रोबस्टा दाट आणि कडक. रोबस्टात कॅफिनही जवळजवळ दुप्पट. दुधात अरेबिका एकटी हरवते, म्हणून दोन्हींचं मिश्रण घ्या. काळी पिणाऱ्यांसाठी मात्र चिकमगळूर किंवा कोडगूची नुसती अरेबिका, मध्यम भाजलेली.

चिकोरीबद्दल उगाच भांडणं होतात. ती एका झाडाची भाजलेली मुळी आहे, तिच्यात कॅफिन नसतं, डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीच्या अर्काला, तिच्यामुळं दाटपणा आणि रंग येतो. थोडी असावी. पण पाकिटावर टक्केवारी छापलेली असते ती वाचा. कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही, आणि बाजारात ५३:४७ ची पाकिटं सर्रास असतात. म्हणजे पैसे जवळजवळ निम्मे मुळीला. ऑफिससाठी ८०:२० पासून सुरू करा. लोकांना फार हलकी वाटली तर ७०:३०. त्याच्या खाली मी जाणार नाही.

दळण कसं हवं हे मामांना मी रव्यावरून सांगितलं आणि लगेच कळलं. फ्रेंच प्रेसला जाड रवा. कागदी गाळणीला बारीक रवा. दाक्षिणात्य फिल्टरला आणि मोकाला त्याहून बारीक, पण बोटांत चोळलं तर कण लागले पाहिजेत. पिठीसारखी झाली तर फिल्टर तुंबतो.

पाकीट २५० ग्रॅमचंच आणा. उघडल्यावर दोन आठवड्यांत वास उडतो, त्यामुळं किलोची बचत ही बचत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा शेंगदाण्याच्या चटणीच्या किंवा हिंगाच्या फळीवर नको. कॉफी शेजारचा वास ओढून घेते. आमची एक अख्खी पाकीटभर पावडर लसणाची झाली होती.

दुधाच्या कॉफीला फिल्टरच

हा माझा स्पष्ट कौल आहे. मराठवाड्यातल्या ज्या ऑफिसात दुधाची पिणारे जास्त आहेत तिथं स्टीलचा दोन मजली फिल्टर घ्या. लाइट लागत नाही, हलता भाग एकही नाही, एकदा लावला की उभं राहावं लागत नाही, दहा कप एकदम निघतात आणि मोडण्यासारखं त्यात काही नाही. पितळी फिल्टर दिसायला देखणा, पण कल्हई सांभाळणार कोण? स्टीलचाच घ्या. आमच्या भागाला ही कॉफी परकीही नाही. उदगीरच्या पुढं बीदर लागतं आणि त्या बाजूच्या उडुपी हॉटेलांत ती रोज मिळते.

दहा कपांसाठी आमची रीत अशी:

१. मोठा फिल्टर घ्या, वरच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी बसेल असा. दोन्ही भांडी कोरडी पुसा. ओली असतील तर पावडर तळाच्या छिद्रांना चिकटते.

२. वरच्या भांड्यात ८० ग्रॅम पावडर घाला. चमच्यानं नको, छोट्या वजनकाट्यानं मोजा. भांडं टेबलावर हलकं आपटून थर सारखा करा आणि दांडीची चकती फक्त वर टेकवा. दाबायची नाही. सगळ्यात जास्त फिल्टर इथंच फसतात.

३. पाणी खळखळून उकळवा. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच आहोत, त्यामुळं आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थंड होऊ द्यायची गरज नाही. आधी फक्त अर्धी वाटी, गोल फिरवत ओता. पावडर फुगेल. अर्धा मिनिट थांबा.

४. मग बाकीचं ओता, एकूण ४५० मिली. झाकण लावा आणि हात लावू नका.

५. पंचवीस ते चाळीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे. तासाभरानंही अर्धंच उतरलं असेल तर वरचं भांडं क्षणभर उचलून पुन्हा ठेवा, आत अडकलेली हवा सुटते. ढवळू मात्र नका, गाळ खाली येतो.

६. पावडर स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली साधारण २९० मिली डिकॉक्शन मिळेल. कपाला २५ ते ३० मिली, त्यावर १०० मिली गरम दूध.

दुधाचंही ऐका. एकदा वर येऊ द्या आणि उतरवा. पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधाची साय आणि आटलेला वास कॉफीच्या वर चढतो. म्हशीचं दूध दाट असतं, त्यात पाव भाग पाणी घातलं तर कॉफी जास्त कळते. डिकॉक्शन कधीही गॅसवर ठेवायचं नाही, तापवायचं ते दूध. साखर प्रत्येकाच्या कपात वेगळी.

मामा सव्वानऊला येतात, झाडलोट करायच्या आधी फिल्टर लावतात. साडेदहाला डिकॉक्शन तयार असतं. दुपारसाठी उरलेलं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये जातं आणि त्याच दिवशी संपतं. दुसऱ्यांदा त्याच चोथ्यावर पाणी ओतून काढलेलं पातळ डिकॉक्शन काही जण वापरतात. मी करत नाही, त्यात कडूपणाच जास्त असतो. चोथा सिंकमध्ये नको, नळी तुंबते. वाळवून कुंड्यांत थोडा थोडा मिसळा. एकदम ढीग टाकला तर बुरशी धरतो.

काळी पिणाऱ्यांसाठी

दोन-तीन जण असतील तर फ्रेंच प्रेस. अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम जाड पावडर, उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटानं पाणी ओता, एकदा ढवळा, चार मिनिटं ठेवा. वर आलेला थर चमच्यानं मोडून फेस काढून टाका, आणखी दोन मिनिटं गाळ बसू द्या, मग दांडा सावकाश खाली. लगेच सगळी कपांत किंवा थर्मासात काढा. भांड्यात राहिली तर ती पावडरीवर शिजतच राहते आणि दुसरा कप तुरट होतो. काच फुटते, म्हणून ऑफिसला स्टीलचं भांडं बरं.

ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलबद्दल बजावलं आहे त्यांच्यासाठी कागदी गाळणी हवी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो बराचसा अडवतो. प्रेसची किंवा स्टीलच्या फिल्टरची जाळी अडवत नाही. जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं १९०८ मध्ये कागदी गाळणीचं पेटंट घेतलं ते चोथा आणि कडूपणा टाळायला. हा फायदा फार पुढं कळला. कृती सोपी आहे: कागद गरम पाण्यानं भिजवून ते पाणी फेका, कपाला १५ ग्रॅम पावडर, २४० मिली पाणी, थोडं ओतून अर्धा मिनिट थांबा आणि उरलेलं दोन-तीन हप्त्यांत. तीन मिनिटांत उतरलं पाहिजे. सगळ्या पद्धतींत चव सर्वांत स्वच्छ याचीच, आणि पाण्याचा दोषही इथंच सर्वांत आधी उघडा पडतो. धुणं मात्र जवळजवळ नाही, कागदासकट चोथा उचलायचा.

मोका चांगला, पण ऑफिसला नाही. इटलीत १९३३ पासून चालत आलेलं हे भांडं गॅसवर लक्ष मागतं, दोन मगांपुरतीच कॉफी देतं, आणि ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर तापतच नाही. एअरोप्रेस, म्हणजे हातानं दाबून कपभर कॉफी काढायची नळी, एकट्या माणसाला उत्तम, टेबलाच्या खणात मावतो. चौघांसाठी नको.

इन्स्टंट टाकून देऊ नका. ऑडिटच्या रात्री, मामा घरी गेल्यावर तीच कामाला येते. फक्त ती भगुन्यात उकळायची नाही. कपात एक सपाट चमचा, दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा, हवं तर साखरेबरोबर फेटा, मग गरम दूध.

मशीन घ्यायचंच असेल तर

कागदी गाळणीचं विजेवरचं ड्रिप मशीन पंचवीस-तीस माणसांच्या ऑफिसला बरं पडतं, पण काचेच्या भांड्याखाली तवा असलेलं घेऊ नका. अर्ध्या तासात कॉफी करपते. थर्माससारखं भांडं असलेलं बघा. असं मशीन हजार वॉटच्या आसपास ओढतं आणि किटली दीड हजार. कॉम्प्युटरसाठी बसवलेला इन्व्हर्टर ते पेलत नाही. लाइट जायच्या वेळा ठाऊक असतील तर आधीच पाणी उकळून, थर्मास गरम पाण्यानं विसळून, त्यात भरून ठेवा. लाइट गेल्यावर तेवढ्या पाण्यावर प्रेसची कॉफी निघते.

एस्प्रेसोला ९ बार (हवेच्या दाबाच्या साधारण नऊ पट) दाब, नुकतंच दळलेली पावडर, चांगली दळणी, रोज दुधाची नळी साफ करणारा शिकलेला हात आणि मऊ पाणी लागतं. यातलं एक जरी नसेल तरी पैसे वाया. प्रीमिक्सच्या वेंडिंग मशीनमध्ये बहुतेक वेळा दूध पावडर आणि साखर आधीच मिसळलेली असते, मग मधुमेही माणसाला तिथं पर्यायच राहत नाही. शिफ्टमध्ये शंभर माणसं असलेल्या कारखान्यात ते मी समजू शकते. चौदा जणांत नाही.

एप्रिल-मे

पारा चाळिशीच्या वर गेला की गरम कॉफी कोणी मागत नाही. तेव्हा थंड पाण्यात भिजवलेली कॉफी करा. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम जाड पावडर, झाकून फ्रीजमध्ये पंधरा तास, मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा, पिळू नका. मे महिन्यात ओट्यावर ठेवायची नाही, आंबते. तयार अर्क फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. तेवढंच थंड पाणी किंवा दूध घालून द्या. हिच्यात आंबटपणा कमी लागतो, त्यामुळं ही मऊ वाटते, आणि मामांना रोज गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. आमच्याकडे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून दोन बाटल्या कायम भरलेल्या असतात.

गरम असो की थंड, ऑडिटच्या रात्री सोडल्या तर आमच्याकडे साडेचारनंतर कॉफी नाही. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर बाईला २०० पर्यंत ठीक मानतात, म्हणजे ढोबळमानानं चार आणि दोन कप. चहा धरून.

चव बिघडली तर

कडू आणि जीभ ओढणारी: दळण फार बारीक, किंवा वेळ जास्त, किंवा कोणीतरी डिकॉक्शन गॅसवर ठेवलं. आंबट आणि पाणचट: दळण जाड, पाणी पुरेसं तापलेलं नाही, किंवा पावडर कमी. सपाट, खडूसारखी: पिंपातलं प्रमाण चुकलं, मीटर बुडवा. खवट: फिल्टरच्या छिद्रांत किंवा प्रेसच्या जाळीत जुनं तेल बसलं आहे. खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर बुडवून दातांच्या जुन्या ब्रशनं घासा, दर शनिवारी.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पावडर आणि पाणी दोन्ही एकदम बदललं तर कशामुळं सुधारलं ते कळत नाही. परवा मामांनी स्वतः येऊन सांगितलं, "ताई, नवीन पाकीट जरा बारीक दळलंय, तासभर झाला तरी उतरंना." आम्ही त्या पाकिटाला ८० ऐवजी ७० ग्रॅम घेतले, चकती काढून ठेवली, आणि अडतीस मिनिटांत उतरलं. वहीत तारीख टाकून तसं लिहून ठेवलं आहे, आणि दुकानदाराला पुढच्या पाकिटासाठी एक नंबर जाड दळायला सांगितलं आहे.